सल्ला हवा: विद्यापीठासाठी काचेचा जिओडेसिक घुमट, एक मोठा की अनेक लहान?

पर्णिका: आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात काचेचा जिओडेसिक घुमट (त्रिकोणी तुकडे जोडून केलेला) उभारायचं चाललंय, व्यास साधारण 12 मीटर. सकाळी वर्ग आणि दुपारी वाढीव कार्बन डायऑक्साइडचे प्रयोग. अशा घुमटात कुणी काम केलंय का? काच घ्यावी की ॲक्रिलिक?

मातीकण: प्रयोग करायचे असतील तर एक मोठा मुळीच नको! आतली हवा एकच, त्यामुळे 200 कुंड्या ठेवल्या तरी संख्याशास्त्राच्या हिशेबात नमुना एकच. माझं पीएचडीचं अख्खं वर्ष यात वाया गेलं. परीक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. निदान सहा लहान घ्या, तिघांत वाढीव वायू, तिघांत साधी हवा. टू-व्ही रचनेच्या (मूळ मोठ्या त्रिकोणांची प्रत्येक बाजू दोन भागांत विभागलेल्या) अर्धगोलात त्रिकोण 40, पण मापं दोनच. दोन्ही मापांच्या काही काचा जादा आणून ठेवा, म्हणजे एखादी फुटली तरी प्रयोग अडत नाही. आणि सांगाड्याची सावली पानांवरून सरकत असते, तेव्हा कुंड्यांच्या जागा आठवड्याला बदला.

काचकाम: डोक्यावर लॅमिनेटेड काचच लावा. टफन्ड फुटली की चुरा थेट खाली येतो, लॅमिनेटेडचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. ॲक्रिलिक पेट घेतं. माँट्रियलच्या 1967 च्या प्रदर्शनासाठी अमेरिकी वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी केलेल्या घुमटाचं आवरण 1976 मध्ये वेल्डिंगच्या कामात पेटलं आणि नुसता पोलादी सांगाडा उरला.

पर्णिका: मग वर्ग कुठे घ्यायचे?

मातीकण: व्याख्यान बाहेरच. घुमटाच्या मधोमध उभं राहून बोललं की आवाज आपल्याच कानावर येऊन आदळतो, कडेच्या मुलांना शब्द लागत नाहीत. आत चार-पाच जणांची प्रात्यक्षिकं छान होतात.

हवाबंद: एक राहिलं. घुमट पूर्ण बंद ठेवणार असाल तर ऊन चढलं की आतली हवा फुगते. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर 2 या काचेच्या हवाबंद प्रयोगसंकुलात (आता ते ॲरिझोना विद्यापीठाकडे आहे) त्यासाठी लवचिक पडद्यांची दोन ‘फुप्फुसं’ बांधली होती. तिथल्या उघड्या काँक्रीटनेही कार्बन डायऑक्साइड शोषला आणि सगळा हिशेब चुकत राहिला. तुमचा प्रयोगच त्या वायूचा, तेव्हा जोतं आणि जमीन आधी इपॉक्सीच्या लेपाने बंद करा.

पर्णिका: जोत्याचं तर डोक्यातच नव्हतं! सहा लहान घुमटांचा आराखडा उद्याच्या बैठकीत मांडते.