मदत हवी आहे: शाळेत न गेलेल्या ज्येष्ठांची स्मृती-चाचणी

नमस्कार मंडळी. १०/६६ या आंतरराष्ट्रीय डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) संशोधन गटाची पद्धत, म्हणजे ज्येष्ठांची चाचणी आणि घरच्यांची वेगळी मुलाखत, पुण्यातल्या वस्त्यांमध्ये वापरायची आहे. नुसती मोका (MoCA, स्मृती आणि विचारशक्ती तपासणारी ३० गुणांची छोटी चाचणी) पुरत नाही. कधी पाटी-पेन्सिल न धरलेल्या आजींना घनाकृती ठोकळ्याचं चित्र काढणं, अंक-अक्षरं जोडणं जमणार कसं? वर ३० पैकी २६ च्या खाली म्हणजे बिघाड अशी रेषा (कटऑफ) लावली की धडधाकट माणूसही आजारी ठरतो. कमी शिक्षणासाठीचा एक जादा गुण इथे फारच तोकडा पडतो. मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगायला लावणं बरं, पण आधी चष्मा आणि ऐकू येतं का ते पाहावंच लागतं.

निरक्षरांसाठी मराठीत वेगळा कटऑफ कोणी वापरलाय का? कोणत्या वयोगटात? घरच्यांना विचारायची प्रश्नावली मराठीत कुठे मिळेल?