मदत हवी आहे: मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर), बाबांचा एनएलआर ५.५७ आलाय (तातडीचं)

कृष्णाकाठ
बाबांच्या कालच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) एनएलआर ५.५७ आलाय. लॅबने शेजारी वर जाणारा बाण छापलाय. रात्री दीडपर्यंत वाचत बसलो. जिथे बघावं तिथे तेच, मेलानोमात हा आकडा ५ च्या वर गेला की खरं नाही. परवा ऑन्कोलॉजिस्टची (कॅन्सरच्या डॉक्टरांची) अपॉइंटमेंट आहे, पण तिथे पाच मिनिटं मिळतात. ५.५७ म्हणजे किती वाईट? आणि तो खाली आणायला काही औषध आहे का? 'डॉक्टरांना विचारा' एवढं मात्र सांगू नका, तेवढं मलाही कळतं.

उंटावरचा शहाणा
डॉक्टरांना विचारा.
(रागावू नका, पण मेलानोमा कुठे, स्टेज कुठली, ऑपरेशन झालं की व्हायचंय, काहीच लिहिलं नाहीत. बाण बघून कोण काय सांगणार?)

स्लाइडवाली
मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलीत. एनएलआर ही वेगळी तपासणी नाही. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागायचं, झालं. दोन्ही पांढऱ्या पेशीच. कोविडमध्ये डॉक्टर तो बघायला लागले, तेव्हापासून पुष्कळ लॅबचं सॉफ्टवेअर आपोआप छापतं. पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट आणि पूर्ण डिफरन्शियल (कुठली पेशी किती टक्के) टाका. जुना रिपोर्ट असेल तर तोही.

कृष्णाकाठ
टोटल ११,२००. न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १४, मोनोसाइट ८, इओसिनोफिल ०, बेसोफिल ०.
ऑपरेशनच्या आधीचा: टोटल ७,२००. न्यूट्रोफिल ६०, लिम्फोसाइट २८, मोनोसाइट ६, इओसिनोफिल ६.
म्हणजे महिन्याभरात २.१४ वरून ५.५७! म्हणूनच घाबरलोय.
मेलानोमा उजव्या टाचेला. वर्षभर कुरूप समजून कॉर्न कॅप लावत होते. शेतात अनवाणी फिरायची सवय, काटा मोडला असेल म्हणून दोनदा कोरूनही घेतलं. बायॉप्सीत जाडी ३.४ मिमी, अल्सरेशन (वरची त्वचा फुटलेली) आहे, जांघेतल्या सेंटिनेल नोडमध्ये (रोग पसरताना आधी जिथे पोचतो त्या लसिका ग्रंथीत) कॅन्सरच्या पेशी सापडल्या. स्टेज ३-सी. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. टाचेवरचा भाग काढून ग्राफ्ट (दुसरीकडची त्वचा लावणं) केलंय. आता पेम्ब्रोलिझुमॅबचं इंजेक्शन सुरू करायचंय, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर.

हरिप्रिया_सातारा
इम्युनिटी कमी झाली की असंच होतं. गुळवेलीचा काढा सकाळी अनशापोटी, जोडीला गव्हांकुराचा रस. माझ्या सासूबाईंच्या पांढऱ्या पेशी महिन्यात नॉर्मल झाल्या. केमोच्या नादी लागू नका.

उंटावरचा शहाणा
ताई, सासूबाईंना कॅन्सर होता का?

हरिप्रिया_सातारा
नाही, टायफॉइड. पण पेशी त्याच ना?

दवाबिंदू
गुळवेल अजिबात नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद बाजूला ठेवा. मुद्दा असा की पेम्ब्रोनेही लिव्हरला सूज येऊ शकते. उद्या एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) वाढलं तर काढ्याने की इंजेक्शनने हे कसं ओळखणार? आणि ही केमो नाही, इम्युनोथेरपी आहे, शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी.

माझा मुद्दा
कोणी खर्चाबद्दल बोलतच नाही. पूर्ण डोस कशाला? टाटा मेमोरियलने फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब (असंच इम्युनोथेरपीचं औषध) दर तीन आठवड्यांनी देऊन दाखवलंय. वर्षाने जिवंत असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. अर्ध्याहून कमी पैशात काम होतं. डॉक्टरांना ठणकावून विचारा.

दवाबिंदू
तो अभ्यास डोकं-मान-घशाच्या कॅन्सरचा, तोही पुढे गेलेल्या रुग्णांचा आणि सोबत तोंडाने घ्यायच्या तीन गोळ्या होत्या. इथे ऑपरेशननंतर परत उलटू नये म्हणून औषध द्यायचंय. सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावू नका.

माझा मुद्दा
औषधाचं तत्त्व एकच आहे. तुम्ही कंपन्यांची बाजू घेताय.

कृष्णाकाठ
खर्चाचं मी बघतो. प्लीज ५.५७ बद्दल कोणी बोलेल का?

कोकणी माणूस
माझ्या मानेवर चामखीळ आहे, आठ वर्षं झाली. एकाने थुजा (होमिओपॅथीचं औषध) लावायला सांगितलंय. त्याचाही मेलानोमा होतो का?

निळूभाऊ
अवांतर: गायक बॉब मार्लेलाही हाच, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. फुटबॉलची इजा समजले. १९८१ मध्ये गेला, अवघा ३६ वर्षांचा. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना हा रोग तळवा, तळहात, नखाखाली जास्त गाठतो, ऊन लागो न लागो.

स्लाइडवाली
निळूभाऊ, बरोबर, पण त्यांच्या जिवाला घोर लागलाय, मार्ले कशाला?
कृष्णाकाठ, एक विचारते. आधी इओसिनोफिल ६ होते, आता शून्य. बाबांना दमा किंवा ॲलर्जी आहे का? आणि सध्या कुठली गोळी चालू आहे? सगळ्या लिहा, गावच्या डॉक्टरांनी दिलेल्यासुद्धा.

कृष्णाकाठ
दमा पंधरा वर्षांपासून आहे, पंप घेतात. त्याचा इथे काय संबंध? गेल्या आठवड्यात दम वाढला म्हणून आमच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ३० दिलीय, पाच दिवस. रक्त दिलं तो चौथा दिवस. बाकी बीपीची गोळी. ग्राफ्टच्या कडेला थोडी ओल आहे, ड्रेसिंग चालू आहे.

स्लाइडवाली
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!
प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल त्याने सुटे होऊन प्रवाहात येतात, म्हणजे मोजणीत वाढतात. लिम्फोसाइट रक्तातून बाहेर सरकतात, म्हणजे कमी दिसतात. इओसिनोफिल तर गायबच होतात. भागाकारात वरचा आकडा वाढला, खालचा घटला. ५.५७ व्हायला आणखी काय लागतं? त्यात जखमेत इन्फेक्शन असेल तर न्यूट्रोफिल आणखी वर. रिपोर्ट चुकीचा नाही, पण तो या चार दिवसांबद्दल बोलतोय.

दवाबिंदू
+१. तुम्ही वाचलेलं खोटं नाही. इटलीत इपिलिमुमॅब (आणखी एक इम्युनोथेरपी) घेणाऱ्या मेलानोमाच्या ७२० रुग्णांत न्यूट्रोफिल ७,५०० च्या वर आणि असंच एक गुणोत्तर ३ च्या वर असलेल्यांचं आयुर्मान कमी निघालं. पेम्ब्रोच्या ६१६ रुग्णांत इओसिनोफिल १.५ टक्के किंवा जास्त आणि लिम्फोसाइट १७.५ टक्के किंवा जास्त असलेल्यांचं बरं निघालं. पण ते सगळे रोग लांब पसरलेले रुग्ण होते. बाबांचा तसा नाही. शिवाय ते आकडे शेकडो लोकांच्या गटाचे, एका माणसाच्या एका दिवसाचे नव्हेत. स्टेज ठरवताना जाडी, अल्सरेशन आणि नोड बघतात, रोग पसरला असेल तर एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) सुद्धा. एनएलआर त्यात नाहीच.

कृष्णाकाठ
मग न्यूट्रोफिल कमी करायचं औषध दिलं तर?

स्लाइडवाली
ताप आलाय म्हणून थर्मामीटर बर्फात बुडवायचा का? गाठ आणि सूज शरीराला न्यूट्रोफिल बनवायला लावतात, त्याचा आकडा आपल्याला दिसतो. गाठीवर चालून जाणाऱ्या टी-पेशी लिम्फोसाइटमध्ये येतात, पण सीबीसीचं मशीन त्यातल्या टी किती, बी किती हे सांगत नाही. त्याला फ्लो सायटोमेट्री ही वेगळी तपासणी लागते, आणि तीही या कामासाठी रोज कोणी करत नाही.
परवा दोनच गोष्टी सांगा: स्टिरॉइड कधी सुरू झालं, कधी संपतंय, आणि जखमेची ओल. इम्युनो सुरू करण्याआधी त्यांना हे कळायलाच हवं. दम्याची गोळी मात्र मनाने मध्येच बंद करू नका.

माझा मुद्दा
२० मिलिग्रॅमचंही विचारा.

कृष्णाकाठ
अपडेट, तीन आठवड्यांनी. उशिराबद्दल सॉरी. ऑन्कोलॉजिस्टनी एनएलआरकडे बघितलंही नाही. प्रेडनिसोलोनचं सांगितल्यावर मात्र मान वर करून दोन मिनिटं विचारत बसले. जखमेचा स्वॅब घेतला, अँटिबायोटिक दिलं, इंजेक्शन दोन आठवडे पुढे ढकललं. काल परत सीबीसी केलं: टोटल ८,४००, न्यूट्रोफिल ६७, लिम्फोसाइट २३, मोनोसाइट ६, इओसिनोफिल ४. भागून बघितलं, २.९१. पूर्वीच्या २.१४ ला नाही आला. आता मी रोज भागाकार करत बसणार हे बायकोने ओळखलंय, तिने फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. पहिलं इंजेक्शन सोमवारी.

स्लाइडवाली
वहिनींना माझा नमस्कार सांगा. किल्ली मागू नका.

कोकणी माणूस
माझ्या चामखिळीचं कोणी सांगितलंच नाही.

दवाबिंदू
वेगळा धागा काढा. थुजा लावायच्या आधी स्किनवाल्यांना दाखवा.