चॉकलेट सिस्ट: आधी ऑपरेशन की थेट आयव्हीएफ?

निळाई:
शाळेत असल्यापासून पाळीच्या पहिल्या दिवशी मला उठवत नाही. सगळ्यांनाच दुखतं, हेच ऐकत आले. आता वय ३३. वर्ष उलटलं तरी दिवस राहत नाहीत म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या ओव्हरीत ४ सेंमीची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी जुन्या रक्ताची गाठ, निघाली. एएमएच (ओव्हरीत स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.१ आहे. यांचा रिपोर्ट चांगला आहे. एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून बघितल्याशिवाय एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचं) निदान पक्कं होत नाही, त्याच वेळी सिस्टही काढून टाकू. दुसऱ्या म्हणतात, सरळ आयव्हीएफ करा. ऑपरेशनला नाही म्हटलं तर हातची संधी जाईल का, या विचाराने झोप लागत नाही.

अबोली:
अगं, माझ्या दोन्ही ओव्हरींत होत्या. काढल्यावर दुखणं खरंच थांबलं, पण एएमएच बरंच खाली आलं. ऑपरेशन करायचं ठरलंच, तर त्याआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतील का, हे नक्की विचार.

रेवा:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. निदानासाठी दुर्बीण घालायलाच हवी, हा आग्रह आता राहिलेला नाही. एश्रे या युरोपीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही सापडलं नाही, किंवा औषधांनी आराम पडला नाही, तर लॅपरोस्कोपीचा, म्हणजे दुर्बीण घालून बघण्याचा, विचार करायचा. चॉकलेट सिस्ट योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत बहुधा नीट ओळखू येते. पोटाच्या अस्तरावरचे एंडोमेट्रिओसिसचे बारीक डाग मात्र दिसत नाहीत, त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आलेल्या कितीतरी मुलींना 'तुला काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवलं जातं. याचं मला फार वाईट वाटतं. सीए-१२५ या रक्ततपासणीवरूनही निदान करू नये.

आता सिस्टचं. तिची भिंत सोलून काढताना लगतची निरोगी ओव्हरीही थोडी जाते, आणि तुमचं एएमएच आधीच कमी आहे. केवळ आयव्हीएफ यशस्वी व्हावं म्हणून सिस्ट काढण्याने बाळ होण्याची शक्यता वाढल्याचं दिसलेलं नाही. दुखणं सहन होत नसेल, सिस्ट संशयास्पद वाटत असेल किंवा तिच्यामुळे आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजं काढायची सुई त्यांच्यापर्यंत पोचत नसेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: हे ऑपरेशन दुखण्यासाठी आहे की मुलासाठी?

निळाई:
डॉक्टर, असं स्पष्ट कुणी सांगितलंच नव्हतं. मध्यंतरी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी घ्यायलाही सांगितलंय. घेऊ का?

रेवा:
दुखणं त्याने कमी होतं. पण गोळी चालू असताना स्त्रीबीज सहसा सुटत नाही, आणि ती बंद केल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते असंही नाही. नैसर्गिकरीत्या प्रयत्न चालू ठेवायचे असतील तर ती घेऊन महिने घालवू नका. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे तपासलंय का?

निळाई:
नाही. या आठवड्यात तेच आधी विचारते.