पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल, प्लेस्टेशन ५) असताना त्याचंच जास्त ताकदीचं मॉडेल प्रो घ्यावं काय?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): २०२० चं डिस्कवालं मॉडेल आहे. टीव्ही ४३ इंची, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा). दुबईचे भावजी प्रो आणतो म्हणालेत. घेऊ काय?

उत्तर (निपाणी): आधी टीव्ही बदल की रे! सोनी म्हणते प्रोचं रेंडरिंग (गेमचं चित्र तयार करणं) ४५ टक्के जलद, खरंय, पण सीपीयू (मुख्य प्रोसेसर) जवळपास तोच. गेम तिथं अडकत असला तर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) वाढायच्या नाहीत. शिवाय प्रोला डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतोय, तुझा जुना काढून बसत नाही. सेकंडहँड डिस्कांचं काय लोणचं घालणार?

उत्तर (खानापूर): जुन्या पीएस४ वरनं येणाऱ्यानं प्रो घ्यावा. २ टीबी जागा मिळते. आमच्यात नेट इतकं सावकाश, गेम पुसून परत उतरवणं नकोच वाटतंय.

टिळकवाडी: मग भावजींना टीव्हीच आणा म्हणू?

निपाणी: विमानातनं? इथंच घे की, वॉरंटी तरी मिळेल.