चर्चा: हवामान वचनांमागची इच्छाशक्ती कोळशावरच्या करातून दिसते का?

रोहित्र:
२०३० पर्यंत निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू) करू, हा भारताचा शब्द जून २०२५ मध्येच पुरा झाला. आनंदच आहे. पण १ मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला १६-१७ लाख युनिट देतो. तेवढाच कोळशाचा संच ६५-७० टक्के भाराने चालला तर ५७ ते ६१ लाख. म्हणून निम्मी क्षमता येऊनही ७० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच आहे.

मी कोळशावरचा उपकर बघतो. २०१० मध्ये टनाला ५० रुपये, २०१६ मध्ये ४००. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी होता. २०१७ पासून तो जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून देण्याकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच उठला. युनिटला ६५०-७०० ग्रॅम कोळसा धरा: २६-२८ पैशांची सूट!

खाणमुख:
हिशेब अर्धाच मांडलात. त्याच दिवशी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. १,५०० रुपये टनाच्या कोळशावर १९५ रुपये वाढले, म्हणजे निव्वळ सूट १३-१४ पैसे. ३,००० रुपयांच्या कोळशाला जवळपास काहीच नाही. आणि दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या देशाने वीज महाग का करावी?

रोहित्र:
म्हणजे सूट मिळाली ती स्वस्त कोळशालाच, ज्यात ३०-४५ टक्के राख असते. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

कृषीवाहिनी:
कर वाढवून मतं मिळत नाहीत, दिवसा वीज देऊन मिळतात. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या महाराष्ट्राच्या सौर कृषी वाहिनी योजनेला गती आली ती त्यामुळेच. उपकेंद्राजवळची जमीन हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्याने, दरसाल ३ टक्के वाढ. वीज तिथल्याच ११ केव्ही वाहिनीवर (पंपांपर्यंत वीज नेणाऱ्या तारांवर). रात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाणं टळतं. अडतं कुठे? उपकेंद्राचा पुरवठा गेला की इन्व्हर्टरही (सौर पॅनेलची वीज वाहिनीला चालेल अशी करणारं यंत्र) सुरक्षेसाठी बंद होतो आणि भर उन्हातली वीज वाया जाते. म्हणून उपकेंद्राच्या देखभालीकडेही लक्ष हवं.

खाणमुख:
हे पटलं. पण २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. अनेक पंपांना मीटर नाही, मोजदाद नाही. सूर्याच्या विजेवर बोअर कोरडे पडले तर काय मिळवलं?

कृषीवाहिनी:
मोफत वीज काढून घ्यायची हिंमत कुठलंच सरकार करणार नाही. पंजाबचा मार्ग बघा: २०१८ मध्ये तिथे ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला वाचवलेल्या युनिटमागे ४ रुपये देण्याची योजना सुरू झाली. त्यासाठी आधी पंपावर मीटर हवा. सौर वाहिनी जोडतानाच तो बसवा.