पूर्वग्रहाविरुद्ध पुढाकार : ही जबाबदारी आठवी-नववीच्या मुलांवर टाकावी का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता) : कोल्हापुरातील पेठांतली, उपनगरांतली आणि आसपासच्या खेड्यांतली, निरनिराळ्या जातिधर्मांची मुले शिबिरात एकत्र आणून त्यांना भेदभावाविरुद्ध पुढाकार घ्यायला शिकवावे, असे माझे ठाम मत आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१पासून येथे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि त्यांतून बहुजनांच्या मुलांना शिक्षणाची वाट मिळाली. पुढे कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात एकत्र राहायला, जेवायला आणि राबायला लावले. आज आपली मुले एका वर्गात बसतात खरी, पण मैत्री मात्र आडनाव विचारून करतात.

दुपारची सुट्टी : मी शिक्षिका आहे आणि माझा या कल्पनेला विरोध आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी डब्याचे झाकण अर्धेच उघडून खाते, कारण तिने डबा काढला की शेजारच्या तिघी बाक मागे ओढतात. अशा शिबिरात ‘अनुभव सांग’ म्हणून उभे केले जाईल ते नेमके तिलाच. महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घ्यायला लावली, ती हुकूम काढून. मुलांच्या समजूतदारपणावर त्यांनी ते सोडले नाही. आधी शिक्षकांना आणि पालकांना शिकवा.

पंचगंगाकाठ : सोसणाऱ्या मुलीला बोलते करू नये, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु हुकूम शाळेच्या दारापर्यंत पोहोचतो, मधल्या सुट्टीतल्या बाकापर्यंत नाही. शिकवायचे आहे ते त्या तिघींना : त्यांच्यातल्या एकीने जरी ‘बाक आहे तिथेच राहू दे’ म्हटले, तरी उरलेल्या दोघींना ओढणे जड जाईल.

एक पालक : निवड कोण करणार? वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे मिळवणारीच मुले पुन्हा पुढे येतील. त्यापेक्षा स्नेहसंमेलनाचा हिशेब, सहलीची व्यवस्था अशी कामे मिश्र गटांना द्यावीत आणि गटप्रमुख दर महिन्याला बदलावा.

दुपारची सुट्टी : ही सूचना रास्त आहे. तरीही बाक जागेवर ठेवणाऱ्या मुलीला घरी बोलणी बसली, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे शाळेने आधी लेखी ठरवावे आणि मुख्याध्यापकांनी ते पालकसभेत स्वतः वाचून दाखवावे. तोवर माझा विरोध कायम आहे.