उत्तर: स्टिअरिंग सरळ, पण डावा इंडिकेटर बंद होत नाही

प्रेषक: छोटी (मुक्काम वेळणेश्वर)
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

गणपती पोचवून झाले, रजा थोडी शिल्लक आहे आणि बाबांची गाडी माझ्या गळ्यात पडली आहे. छोटी हॅचबॅक, २०१३ची, एअरबॅग नाही. दोन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या सळ्यांची टोकं) बदलले आणि तेव्हापासून गाडी सरळ चालली तरी स्टिअरिंग उजवीकडे कललेलं असायचं. बाबांनी कुरकुर केल्यावर गॅरेजवाल्याने स्टिअरिंग उचललं आणि सरळ करून परत बसवलं. पैसेही घेतले नाहीत म्हणे.

आता स्टिअरिंग दिसायला सरळ आहे. पण डावीकडे वळून झालं तरी इंडिकेटर टिकटिकत राहतो. हेदवीच्या बाजूला जाताना मागचा रिक्षावाला मी कधी वळते याची वाट बघत राहतो. उजवा नेमका उलट. वळायच्या आधीच, खड्डा चुकवायला स्टिअरिंग जरा हललं तरी टक् करून बंद. इथे जो तो म्हणतो, कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांचा) गेला, नवा टाका. टाकू का?

छोटी

---

प्रेषक: बापू

छोटे, स्विचच. समुद्रकाठी राहायचं म्हणजे दर तीन-चार वर्षांनी गाडीत काहीतरी गंजणारच. आणि तुम्ही अमेरिकेतली मंडळी गावात आलात की पहिले दोन दिवस वळताना वायपर चालू करता, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. तेव्हा दोष स्विचचा की हाताचा, ते आधी बघ!

---

प्रेषक: तात्या (मुक्काम देवगड)

छोटे, स्विच विकत घेऊ नकोस. निदान अजून तरी नको.

इंडिकेटर आपोआप बंद होतो तो कसा, ते आधी समजून घे. दांडी दाबली की स्विचमधली एक छोटी जीभ बाहेर सरकते. स्टिअरिंगबरोबर एक कडं फिरतं, त्याला उंचवटे असतात. वळताना उंचवटा जिभेला ढकलून पुढे जातो, तेव्हा काही होत नाही. स्टिअरिंग परत येताना तोच उंचवटा जिभेला उलट्या बाजूने अडतो आणि दांडी मधोमध ढकलतो. बस, एवढंच. विजेचा यात काही संबंध नाही.

म्हणून दोष कुठे आहे ते कानाने कळतं. गाडी उभी करून इंजिन चालू ठेव, डावा इंडिकेटर दे, स्टिअरिंग डावीकडे चांगलं पाऊण फेरा फिरव आणि परत आण. कितीही फिरवलं तरी टक् आवाज येतच नसेल तर जीभ तुटली आहे, मग बापू म्हणतो तसा स्विचच बदलायचा. पण जास्त फिरवल्यावर बंद होत असेल, आणि उजवा थोडक्यातच बंद होत असेल, तर स्विच धडधाकट आहे. कडं जागेवर नाही. गाडी सरळ असताना ते उजवीकडे फिरून बसलंय. त्यामुळे उजवीकडचा उंचवटा जिभेच्या अगदी जवळ आलाय आणि डावीकडचा लांब गेलाय. तू सांगतेस ती लक्षणं हीच आहेत.

आता हे कडं काही गाड्यांत स्टिअरिंगच्या पाठीला असतं, काहींत स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यालाच. तुझ्यात दांड्याला असणार असं मला वाटतं. स्टिअरिंग उचलून सरळ केलं, पण दांडा होता तिथेच राहिला आणि कडंही. स्टिअरिंग कललेलं होतं ती खरी तक्रार खाली, टाय रॉडमध्ये होती. ती वरून पुसली गेली.

पारख करायची ती अशी. स्टिअरिंगच्या माथ्यावर मधोमध पांढरी चिकटपट्टी लाव. डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत फिरव आणि पूर्ण फेरे मोज. आता बरोबर निम्मे फेरे मागे ये. तो रॅकचा, म्हणजे स्टिअरिंग फिरलं की आडवी सरकून टाय रॉड ढकलणाऱ्या दातेरी सळईचा, मध्य. तिथे पुढची चाकं सरळ असायला हवीत. चाकं डावीकडे वळलेली दिसली तर समज, गाडी सरळ चालताना रॅक मधोमध नसतो आणि ते वरून स्टिअरिंग हलवून सुटणार नाही.

मग गाडीखाली जाऊन दोन्ही टाय रॉडवर लॉक नटच्या (रॉडचं टोक घट्ट धरणारा नट) बाहेर उघडे आटे किती दिसतात ते मोज. मला कळव.

तात्या

---

प्रेषक: बापू

तात्या, म्हणजे स्टिअरिंग उचलून सरळ केलं तर बिघडतं काय? गाडी चालते ना सरळ? आमच्या जुन्या जीपचं मी दोनदा केलंय.

---

प्रेषक: तात्या

बापू, जीपला स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यात मधोमध सर्वात कमी प्ले (ढिलेपणा) असेल अशीच रचना असते. बॉक्स मध्यावर नसताना तू स्टिअरिंग सरळ केलंस, तर सरळ रस्त्यावर हाताला ढिलं लागतं आणि वळणावर घट्ट. तुझी जीप रत्नागिरीच्या उतारावर डोलायची ती उगाच नाही. रॅकवाल्या गाडीत ते जाणवत नाही, पण एका बाजूचा वळसा मोठा आणि दुसऱ्या बाजूचा लहान होतो. आणि एअरबॅग असेल तर स्टिअरिंगखाली वायरची गुंडाळी असते, क्लॉक स्प्रिंग. तिला दोन्ही बाजूंना ठरावीकच फेरे. मध्य चुकला की एका बाजूला टोकापर्यंत फिरवताना ती तुटते, आणि डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीचीच आहे, तेव्हा पंधरा मिनिटांत स्टिअरिंग उचलून द्यायचे दिवस गेले.

स्टिअरिंग उचलणं केव्हा बरोबर? रॅक मध्यावर आहे, चाकं सरळ आहेत, फक्त स्टिअरिंग वाकडं आहे, तेव्हा. म्हणजे कुणीतरी आधी काढून दांड्याच्या चुकीच्या दात्यावर बसवलं असेल तेव्हाच. आणि त्यातही दात्यांपेक्षा बारीक फरक त्याने निघत नाही. ३६ दाते असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. पाच अंशांचा कल आला, तर तू कुठल्या दात्यावर बसवशील?

---

प्रेषक: छोटी

तात्या, डावा बंद होतो, पण जवळपास अर्धा फेरा फिरवावा लागतो. उजवा थोडक्यात. रॅकच्या मध्यावर चाकं डावीकडे वळलेली आहेत, तुम्ही म्हणालात तशीच. आटे: डावीकडे पाच, उजवीकडे अकरा. लॉक नट गंजून लाल झालेत. जांभ्याच्या धुळीचा रंग की गंजाचा, ते पुसल्याशिवाय कळत नव्हतं.

शृंगारतळीचा एक मिस्त्री उद्या येतोय. त्याला काय सांगू?

---

प्रेषक: तात्या

आट्यांनी सगळं सांगितलं. डावा रॉड आखूड झालाय, उजवा लांब. एंड बदलताना दोन्हीकडे सारखे आटे चढवले नाहीत, आणि अलाइनमेंटच्या वेळी स्टिअरिंग मध्यावर अडकवून न ठेवता एकाच बाजूने टो (पुढची चाकं एकमेकांकडे किती कललेली आहेत ते) जुळवला. यंत्रावर आकडे हिरवे आले की झालं.

सहाचा फरक आहे, म्हणजे डावीकडे तीन आटे लांब करायचे, उजवीकडे तीन आखूड. दोन्हीकडे सारखेच, म्हणजे टो बिघडत नाही. तुझ्या गाडीत रॅक चाकांच्या मागे आहे का ते आधी बघ. बहुतेक छोट्या गाड्यांत असतो. पुढे असेल तर हिशेब उलटा, पण मग चाकंही उजवीकडे वळलेली दिसली असती.

आज रात्रीच नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेव, सकाळी परत एकदा. सुकं ओढलं तर नट गोल होतो आणि मग कटर लागतो. आटे तारेच्या ब्रशने घासून घे. रॉड फिरवण्याआधी रॅकच्या रबरी बुटाची बारकी क्लिप सैल कर, नाहीतर बूट पिळवटतो, फाटतो आणि पावसाचं पाणी रॅकमध्ये जातं. तुमच्याकडे पुढच्या जूनमध्येच रॅक बदलायची पाळी येईल. रॉडवर खडूची रेघ मारा म्हणजे फेरे चुकत नाहीत. दोन्हीकडे एकेक फेरा दिला की स्टिअरिंगवर साधारण दहा अंशांचा फरक दिसतो, गाडीगणिक कमी-जास्त.

त्याआधी स्टिअरिंग मूळ जागी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून हॉर्नचं झाकण काढा. दांड्याच्या टोकावर आणि स्टिअरिंगच्या मध्यावर कंपनीने बारीक टिंबासारखी खूण मारलेली असते. त्या दोन खुणा समोरासमोर यायला हव्यात. नट पूर्ण काढू नका. चार आटे धरून ठेवा आणि मग स्टिअरिंग ओढा. नाहीतर अडकलेलं स्टिअरिंग एकदम सुटतं आणि तोंडावर बसतं. दांड्यावर हातोडी अजिबात नाही. अपघातात दबायला केलेला असतो तो दांडा, हातोडीने आधीच दबतो.

शेवटी चिपळूणला जाऊन अलाइनमेंट करून घे, पण सांग, स्टिअरिंग मध्ये अडकवूनच टो बघा. आणि त्याआधी टायरची हवा. समोरच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि मग आपण सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं धरून बसतो.

---

प्रेषक: छोटी

झालं! स्टिअरिंग उचललं तेव्हा खुणा तीन दाते सरकलेल्या होत्या, आणि कडं दांड्यालाच. मिस्त्री म्हणाला, "तुमच्या तात्यांना आमच्याकडे पाठवा." उजवीकडचा नट मऊसूत सुटला, डावीकडच्याने मात्र दुपार खाल्ली, पाण्याच्या बाजूचा ना तो. टो यंत्रावर बघितला, किंचित सुधारावा लागला, दोन्हीकडून सारखा.

आता दोन्ही इंडिकेटर सारख्याच जागी बंद होतात. बाबांना मात्र पटलेलं नाही. ते म्हणतात, मार्गताम्हान्याच्या वळणांवर अजूनही बंद होत नाही.

---

प्रेषक: तात्या

बाबांना सांग, तिथली वळणं लांब आणि सपाट आहेत. स्टिअरिंग तेवढं फिरतच नाही की उंचवटा जिभेच्या पुढे जाईल. तिथे हातानेच बंद करायचा, सगळ्याच गाड्यांत. घाटात मागच्याला पुढे काढायला म्हणून ट्रकवाले उजवा देतात, तोही तसाच राहतो आणि मग मागचा बुचकळ्यात पडतो, हा वळतोय की बोलावतोय.

---

प्रेषक: बापू

तात्या, आता माझं. नव्या गाडीचं अलाइनमेंट केलं, स्टिअरिंग सरळ, इंडिकेटर ठीक, पण डॅशवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र पेटलंय.

---

प्रेषक: तात्या

स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आहे. अलाइनमेंटनंतर त्याला नवा शून्य शिकवावा लागतो. काही गाड्यांत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की शिकतो, काहींत स्कॅनर लावावा लागतो. मॅन्युअल बघ. आणि स्टिअरिंग उचलायला जाऊ नकोस!